पेल्यावर कोरलेला उद्यम

अठराव्या शतकातील हॉलंडमध्ये श्रीमंत व्यापाऱ्यांच्या मेजवानीत काचेचा एक उंच पेला हातोहात फिरत असे. विवाह असो वा भागीदारीचा प्रारंभ, ज्याच्या नावे पेय घ्यावयाचे त्याचे अभीष्टचिंतन काचेवरच कोरलेले असे. व्यापार व वस्त्रनिर्मिती यांचा गौरव करणारे पेले याच परंपरेतले. त्यांवर पंखांची टोपी घातलेला व्यापारदेव मर्क्युरी, शिडांची जहाजे, मालाचे गठ्ठे किंवा विणकाम दिसते.

ही काच बहुधा इंग्लंडहून येई. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये एकस्व मिळविल्यानंतर तेथे शिसेमिश्रित काच रूढ झाली. ती तेजस्वी आणि कोरावयास मऊ असे. कारागीर पायाने फिरणाऱ्या तांब्याच्या चिमुकल्या चाकावर तेल व कुरुंदाची पूड लावी आणि पेला खालून चाकास टेकवी. चाक व लेप यांमुळे कोरला जाणारा भाग त्याच्या दृष्टीआड राही. हाताच्या अंदाजानेच रेषा उमटे. ॲमस्टरडॅमच्या याकोब सांग याने आपल्या पेल्यांवर स्वाक्षरी केली. तशी संधी बहुतेकांस लाभली नाही.

वस्त्राच्या वैभवाचे एक केंद्र लायडन. सोळाव्या शतकाच्या अखेरीस धर्मछळामुळे फ्लँडर्समधून आलेल्या विणकरांनी तेथील लोकरी कापडाचा धंदा वाढविला. १६४० मध्ये उभारलेल्या 'लाकेनहाल' या इमारतीत कापड तपासून त्यास शिशाची मोहोर लावीत. दर्शनी भिंतीवर कापडनिर्मितीच्या पायऱ्या कोरल्या आहेत. मात्र याच उद्योगात अनाथ मुलेही राबत होती आणि अठराव्या शतकात, मेजवान्यांतून भरभराटीची कामना होत असतानाच, लायडनचा धंदा उतरणीस लागला.

हैदराबादच्या वाचकांस मच्छलीपट्टणचे नाव परिचित आहे. गोवळकोंड्याच्या त्या बंदरातून डच कंपनी सुती कापड नेई आणि पूर्वेकडील बेटांत ते देऊन मसाले घेई. कोकणात वेंगुर्ले येथे १६३७ मध्ये तिने वखार घातली. म्हणजे पेल्यावरील जहाजाचा मार्ग आपल्या किनाऱ्यांपर्यंत येतो. पण ज्या विणकरांनी त्या व्यापारास माल पुरविला, त्यांची नावे कोणत्याही काचेवर नाहीत.

असा पेला पुढे आला तर त्याची चमक अवश्य पाहावी. मात्र त्यातील गठ्ठ्यांकडे जरा अधिक वेळ पाहावे. त्या गठ्ठ्यांत कोणाचे श्रम बांधलेले होते, हे पेला सांगत नाही. ते आपणच आपल्या मुलांना सांगावयास हवे.