खाणीचे खड्डे आणि गावाच्या विहिरी

गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे व धारबांदोडा या तालुक्यांतील शेती डोंगराच्या आधाराने उभी आहे. डोंगरमाथ्यावर जांभा, उतारावर काजू व रान, पायथ्याशी कुळागर आणि त्याखाली भाताचे मळे, अशी येथील जमिनीची परंपरागत रचना होय. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे पाणी. त्याच डोंगरांत लोहखनिज असल्याने खाण कोठे व कशी खणली जाते, यावर पायथ्याच्या शेतकऱ्याचे वायंगण अवलंबून राहते.

डोंगर पाणी कसे साठवितो

या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर ३ कोटी लिटर पाणी उतरते. त्यातील बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांतच येते. सच्छिद्र जांभा त्यातील काही भाग शोषून घेतो. ते पाणी खालच्या थरांत, विशेषतः भुसभुशीत खनिजाच्या थरात, साठते आणि पुढे सावकाश झऱ्यांवाटे व विहिरींत प्रकट होते. पावसाळ्यातील सारदाचे पीक पावसावर येते. परंतु वायंगणाचे भात व कुळागरातील पोफळी या मागाहून झिरपणाऱ्या पाण्यावरच जगतात.

खाणीमुळे काय घडते

उघड्या खाणीत प्रथम जांभ्याचे आच्छादन काढले जाते. त्याबरोबर पाणी मुरविणारा थर नाहीसा होतो. पुढे खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की खनिज काढण्याकरिता पंपाने सतत पाणी उपसावे लागते. मग भोवतालच्या जमिनीतील पाणी खड्ड्याकडे वाहू लागते आणि आसपासच्या विहिरींची पातळी उतरते. ज्या विहिरीचा तळ उतरलेल्या पातळीच्या वर राहिला, ती कोरडी पडते.

दुसरी हानी गाळाची होय. एक टन खनिज काढताना त्याच्या दुप्पट-तिपटीने माती व दगड बाहेर टाकावे लागतात. या ढिगांवर मुसळधार पाऊस पडला की बारीक तांबडी माती ओहोळांतून मळ्यांत उतरते. तिचा थर वाळून कठीण होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि बियाणे नीट रुजत नाही. हाच गाळ पुढे ओढ्या-नद्यांचे पात्र उथळ करतो. कोळशाच्या काही खाणींत गंधकयुक्त खनिजांमुळे पाणी आम्ल बनते. गोव्याचे लोहखनिज प्रामुख्याने ऑक्साइड स्वरूपाचे असल्याने येथे तो धोका कमी असून गाळाचा प्रश्न मोठा आहे.

खाणी थांबल्यानंतर

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये येथील खाणकाम थांबले. २०१४ च्या निर्णयाने वर्षास २ कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननास मुभा मिळाली. परंतु फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले व मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. पुढे लिलावाने दिलेल्या पट्ट्यांपैकी काहींत २०२४ पासून उत्खनन सुरू झाले. या खंडाच्या काळात उपसा थांबताच अनेक खड्डे पाण्याने भरले.

असा भरलेला खड्डा म्हणजे आयते धरणच, असा समज होणे स्वाभाविक आहे. सिंचनास त्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु तो झऱ्याची जागा घेऊ शकत नाही. झरा उताराने आपोआप शेतात येतो, तर खड्ड्यातील पाणी बहुधा पंपानेच आणावे लागते. शिवाय गाळ, लोह व मँगनीज यांची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याखेरीज ते पिण्यास वापरू नये. खड्ड्याच्या कडा ढासळण्याचा संभव असल्याने मुले व गुरे यांना दूर ठेवावे.

भूमिसुधार कसा असावा

वरची सुपीक माती आरंभीच वेगळी साठवून ठेवावी. ढिगांना टप्पे पाडावेत, पायथ्याशी दगडी पायबांध घालावा आणि ओहोळात पाणी सोडण्यापूर्वी ते गाळ बसविण्याच्या तळ्यांतून न्यावे. नंतर सुपीक माती पसरून प्रथम गवत व द्विदल वनस्पती आणि मग स्थानिक झाडे लावावीत. खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा व वनस्पतींच्या वाढीस योग्य करावी, अशी अट खाणपट्टाधारकांवर घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे.

तथापि ढीग हिरवा झाला म्हणजे पाणी परत आले, असे समजू नये. भरावाची बारीक माती दाटून बसते. जांभ्याप्रमाणे तिच्यात पाणी मुरत नाही. म्हणून समपातळीवरील चर व लहान बंधारे यांची जोड आवश्यक आहे. भूमिसुधाराची खरी कसोटी वैशाखातील विहिरीवरच लागते.

शेतकऱ्यांनी काय करावे

विहिरीच्या काठावर एक कायम खूण करून दर पंधरवड्यास दोरीने पाण्यापर्यंतची खोली मोजावी व तारखेसह वहीत नोंदवावी. खाण सुरू होण्यापूर्वीची नोंद फार मोलाची ठरते. कारण हानी झाल्यावर केवळ तोंडी सांगणे पुरेसे होत नाही. शेतातील गाळाचा थर जाड असल्यास नांगरून मिसळू नये, पावसापूर्वी काढून टाकावा. थर पातळ असल्यास ताग किंवा धैंचा पेरून तो जमिनीत गाडावा व शेणखत भरपूर द्यावे. माती तपासूनच खताची मात्रा ठरवावी.

२०१५ च्या कायदा-दुरुस्तीनुसार खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी असतो. पिण्याचे पाणी व पर्यावरण-रक्षण ही त्यातील अग्रक्रमाची कामे होत. ग्रामसभेने विहिरींच्या नोंदी जोडून चर, बंधारे व गाळ उपसणे यांची मागणी लेखी करावी. खनिज एकदाच निघते. पाणी मात्र डोंगर जपला तर दरवर्षी येते. म्हणून येत्या पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक गावाने आपल्या विहिरींची वही सुरू करावी.