चित्रपटाची गोष्ट सांगू नका



दहावीच्या वर्गाला आम्ही 'फँड्री' दाखवला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर एक पान लिहायला सांगितले. जवळजवळ प्रत्येक वहीत गोष्टच होती: कैकाडी समाजाचा जब्या, वर्गातली शालू, घरच्यांच्या वाट्याला आलेले डुकरे पकडण्याचे काम. शेवटी 'चित्रपट फार छान आहे'. गोष्ट बरोबर होती, पण ती कुणाकडून ऐकूनही लिहिता आली असती. मग नागराज मंजुळे यांनी २०१३ साली त्यासाठी कॅमेरा का वापरला? कॅमेऱ्याने आणि आवाजाने वेगळे काय सांगितले, ते शोधणे म्हणजे चित्रपटाचे विश्लेषण.

आधी चौकट. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. 'फ्रेम'साठी हा शब्द मराठीच्या बाईंनी सुचवला.) पडद्याच्या चार कडांच्या आत काय ठेवायचे, हे दिग्दर्शक ठरवतो. पकडलेले डुक्कर बांबूला बांधून जब्या आणि घरची माणसे नेत आहेत. मागे शाळेची भिंत, भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे. कुणी भाषण करत नाही. भिंत एकदा आणि डुक्कर नंतर, असे वेगवेगळे दाखवले असते तर अर्थ निसटला असता. दोन्ही एकाच चौकटीत आहेत, म्हणून आपण अस्वस्थ होतो.

आवाजाचा उगम चौकटीत दिसलाच पाहिजे असे नाही. डुकराचा पाठलाग चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या जागच्या जागी सावधान उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि हाताशी आलेले डुक्कर निसटते. शाळा भरली आहे आणि हा मुलगा बाहेर आहे, हे त्या आवाजानेच कळते.

तिसरी गोष्ट, कॅमेरा कुठे उभा आहे? गावातली माणसे हा पाठलाग मजेने बघत असतात. खरे सांगायचे तर काही ठिकाणी आपल्या वर्गातही हसू फुटले होते. शेवटी जब्या चिडवणाऱ्यावर दगड भिरकावतो, पण तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. एका मुलीने एवढेच लिहिले होते, 'दगड आला तेव्हा मी मान बाजूला केली.' शुद्धलेखनाच्या चार चुका असूनही आम्ही तिलाच सर्वाधिक गुण दिले.

मागच्या बाकावरच्या एकाने मात्र विचारले, ''आपल्या शाळेच्या भिंतीवरही तीच चित्रे आहेत ना?'' आहेत. दरवर्षी रंगही देतो. त्या वेळी आम्हाला याहून जास्त बोलता आले नाही.

येत्या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर शेवटची दहा मिनिटे पुन्हा दाखवू, आधी आवाज बंद ठेवून, मग आवाजासह. वही आणावी. गोष्ट लिहू नये.