पेज ओतू नका



जव्हारकडच्या एका पाड्यावर मी मातांना मोकळा भात शिकवत होते. तांदूळ चार पाण्यांनी धुतला, भात वेळला आणि पेज ओतून दिली. एक वारली आजी म्हणाल्या, “ताई, चांगलं तेच टाकलंस.”

आजींचे खरे होते. ब-१ जीवनसत्त्व पाण्यात उतरते. पॉलिशच्या तांदळात ते आधीच कमी. पाड्यावर तर भातासोबत पुष्कळदा दुसरे फारसे काही नसते.

आता मी तांदूळ एकदाच हलक्या हाताने धुते. वाटीला दोन वाट्या पाणी, नव्या तांदळाला थोडे कमी. अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवते. पाणी आटल्यावर दहा मिनिटे झाकण उघडत नाही. भात वेळावाच लागला, तर पेजेत मीठ घालून मुलांना देते.

आजी मात्र अजून हातसडीचाच तांदूळ रांधतात.