कोवळी ज्वारी, मेंढी आणि गंधक

ज्वारीच्या खोडव्याला फुटलेले हिरवे कोंब मेंढ्यांना मोह घालतात. परंतु त्यांतील धुरिन या द्रव्यापासून पोटात जहाल हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. पशुपालक यास ‘किराळ लागणे’ म्हणतात. अल्प मात्रेतील हे विष यकृत गंधकाच्या साहाय्याने निष्प्रभ करून मूत्रावाटे बाहेर टाकते. मात्र लोकरीच्या घडणीसही गंधकच लागते. म्हणून ज्वारीवर चरणाऱ्या कळपास गंधकमिश्रित मीठ चाटावयास देणे हितावह ठरते. अतिरेक मात्र अपायकारक. हे मीठ दिले तरी कोवळे वा पाण्याअभावी खुरटलेले पीक टाळावेच आणि विषबाधेची शंका येताच पशुवैद्यकास पाचारण करावे. अन्यथा कर्ज काढून उभारलेला कळप घटकाभरात गमावण्याची वेळ येते.