जेट स्की आणि जलाशयाची शिस्त

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे स्थान महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी सर्वदूर परिचित आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी पाणी दूर नाही. गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाचा विस्तीर्ण जलाशय याच परिसरात आहे आणि नवेगावबांधचा पुरातन तलावही याच तालुक्यात आहे. जेथे पाण्याचा एवढा विस्तार आहे तेथे पर्यटक येतात आणि पर्यटकांच्या मागोमाग आज ना उद्या यंत्रचलित जलक्रीडांची मागणीही येते. कोकणात तारकर्ली, काशीद, नागाव येथे आणि गोव्यात कळंगुट, बागा येथे हा अनुभव येऊन गेला आहे. तेथे यंत्रे आधी आली आणि नियम मागाहून आले. अंतर्गत जलाशयांच्या बाबतीत हा क्रम उलटा करता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राची ओळख

ज्याला सर्वसामान्य लोक ‘वॉटर स्कूटर’ म्हणतात ते जेट स्की हे यंत्र १९७० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले. ‘जेट स्की’ हे मूळचे कावासाकी या जपानी कंपनीच्या यंत्राचे व्यापारी नाव. पुढे ते या जातीच्या सर्वच यंत्रांना लोकव्यवहारात चिकटले. नेहमीच्या मोटारनौकेला बाहेर पंखा आणि मागे सुकाणू असते. जेट स्कीला यांपैकी काहीही नसते. तिचे इंजिन पोटाखालून पाणी आत ओढते आणि मागच्या तोटीतून ते प्रचंड जोराने बाहेर फेकते. या झोताच्या प्रतिक्रियेने यंत्र पुढे धावते. चालकाने हँडल वळविले की तोटी वळते आणि झोताची दिशा बदलल्यामुळे यंत्रही वळते. मोठ्या शक्तीची यंत्रे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकतात.

या रचनेतच एक धोका दडलेला आहे व तो नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही. समोर अकस्मात एखादा पोहणारा दिसला की घाबरलेला चालक स्वाभाविकपणे वेगाची मूठ सोडून देतो. मूठ सुटताच झोत थांबतो आणि झोत थांबताच यंत्राची वळण्याची शक्तीही जवळजवळ नाहीशी होते. अंगी असलेल्या वेगामुळे यंत्र मात्र सरळ पुढे जात राहते. अलीकडच्या काही यंत्रांत ब्रेक व वळण्यास साहाय्य करणारी योजना असते. तथापि भाड्याने मिळणारे प्रत्येक यंत्र तसे असेलच असे नाही. रस्त्यावर मोटारसायकल उत्तम चालविणारा तरुण पाण्यावर अपघात करतो त्याचे हेही एक कारण आहे. दुसरा धोका मागे बसणाऱ्याला असतो. तो मागच्या बाजूस पडल्यास तोटीतून निघणाऱ्या झोताने शरीरास गंभीर इजा होऊ शकते.

म्हणूनच चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला अडकविलेली दोरी अत्यंत महत्त्वाची ठरते. चालक पडला की ही दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. दोरी न अडकविता यंत्र सुरू करू देणारा व्यावसायिक ग्राहकाच्या जिवाशी खेळतो, हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे.

कायद्याच्या चौकटीत यंत्र बसविणे

नवे यंत्र जुन्या कायद्यात बसविताना कशी अडचण येते याचे बोधप्रद उदाहरण इंग्लंडमधील आहे. तेथे एका जेट स्कीच्या धडकेत झालेल्या दुखापतीचे प्रकरण अपील न्यायालयापुढे आले असता, जेट स्की ही नौकानयन कायद्याच्या अर्थाने ‘जहाज’ नव्हे, असा निर्णय २००५ मध्ये झाला. त्यामुळे बेदरकार चालकावर त्या कायद्याखाली कारवाई करणे कठीण झाले. ही उणीव भरून काढणारा आदेश प्रत्यक्षात आला तो २०२३ मध्ये. एका व्याख्येची दुरुस्ती होण्यास सतरा वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडे १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या जलयानांची तपासणी व नोंदणी, चालकाची पात्रता, विमा आणि जीवरक्षक साधने हे त्यातील प्रमुख विषय होत. याच अधिनियमात पंचायत सदस्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी एक तरतूद आहे. यंत्राविना चालणाऱ्या साध्या नौकांची नोंद घेण्याचे काम राज्य शासनाला जिल्हा, तालुका, पंचायत किंवा गाव पातळीवरील स्थानिक संस्थांकडे सोपविता येते. म्हणजे धीवर बांधवांच्या डोंग्यापर्यंत पाण्यावरील वाहतुकीची व्यवस्था पोहोचावी, अशी कायद्याची दृष्टी आहे.

भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम २८२ हे बेदरकारपणे जलयान चालविणाऱ्यास लागू होते. तर असुरक्षित किंवा क्षमतेहून अधिक भरलेल्या जलयानातून भाडे घेऊन माणसे नेणाऱ्यास कलम २८४ लागू होते. दोन्ही अपराधांना सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा उपक्रमांच्या आयोजकांस नोंदणी आवश्यक केली. किनारपट्टीवर महाराष्ट्र सागरी मंडळ प्रवासी नौका व जलक्रीडांचे नियमन करते आणि पावसाळ्यात, साधारणतः २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात, जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. चालक व जीवरक्षकांच्या प्रशिक्षणासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था कार्यरत आहे.

नियम कागदावर असूनही पाण्याने दिलेले इशारे विसरता येणार नाहीत. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नौका उलटून सहलीला गेलेले तरुण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नियंत्रण सुटलेली एक वेगवान नौका घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी नौकेवर आदळली व डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. या घटनांत जेट स्की नव्हती. परंतु शेवटच्या घटनेने एक गोष्ट स्पष्ट केली: वेगाचे यंत्र आणि माणसांनी भरलेली संथ नौका एकाच पाण्यात असतील, तर एका क्षणाची चूक पुरेशी असते.

पाण्याची विभागणी

येथेच नियमनाचे खरे मर्म आहे. केवळ वेगमर्यादा ठरवून भागत नाही. कारण पाण्यावर वेग मोजणारा शिपाई प्रत्येक ठिकाणी उभा करता येत नाही. पाणीच वाटून घेतले, तर मात्र नियम पाळला गेला की मोडला गेला हे काठावरच्या कोणालाही दिसते. पोहणाऱ्यांसाठी एक पट्टा, यंत्रांसाठी दुसरा, मासेमारीसाठी तिसरा आणि पक्ष्यांसाठी राखलेला चौथा; या पट्ट्यांच्या सीमा तरंगत्या खुणांनी दाखवाव्या लागतात. यंत्राने काठावरून थेट सुसाट न सुटता ठरावीक मार्गाने संथपणे खोल पाण्यात जावे आणि त्याच मार्गाने परतावे. समुद्रकिनाऱ्यांवर लाल-पिवळा झेंडा हा जीवरक्षकांच्या देखरेखीखालील पोहण्याचा पट्टा दर्शवितो व लाल झेंडा धोका सांगतो. हीच खूण जलाशयावरही वापरल्यास पर्यटकाला नव्याने काही शिकावे लागणार नाही.

इटियाडोहसारख्या जलाशयात ही विभागणी समुद्रकिनाऱ्याहून अधिक काळजीने करावी लागेल. येथील पाणी मुख्यतः भातशेतीसाठी आहे. सिंचनासाठी पाणी सोडले की पातळी उतरते आणि पावसाळ्यात खोल असलेला भाग उन्हाळ्यात उथळ होतो. पाण्याखालचे बुंधे व खडक पृष्ठभागाजवळ येतात. त्यामुळे एकदा आखलेला पट्टा बारमाही सुरक्षित राहत नाही. पातळीनुसार तो बदलावा लागतो किंवा बंद ठेवावा लागतो. धरणाची भिंत, सांडवा आणि कालव्याचे तोंड यांच्या जवळपास कोणतीही क्रीडा नसावी, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मासेमारीचा प्रश्न तितकाच जिव्हाळ्याचा आहे. पहाटे टाकलेली जाळी पाण्याखाली असतात. वरून धावणाऱ्या यंत्राला ती दिसत नाहीत. एक जाळे फाटले तर पर्यटकाची गंमत अर्ध्या तासात संपते, पण धीवर कुटुंबाचे नुकसान अनेक दिवसांचे असते. यंत्राच्या लाटांनी लहान डोंगा उलटण्याचाही संभव असतो. म्हणून जलक्रीडेच्या वेळा व जागा ठरविताना मच्छीमार सहकारी संस्थेची संमती ही औपचारिकता न मानता पहिली पायरी मानली पाहिजे.

नवेगावबांधचे स्थान याहून वेगळे आहे. नवेगाव राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९७५ मध्ये झाली आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. येथील तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. गोंदिया जिल्हा सारस पक्ष्याच्या महाराष्ट्रातील मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. काही पाणपक्षी तरंगत्या वनस्पतींवरच घरटी करतात व ती एका मोठ्या लाटेने वाहून जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने २००० मध्ये आपल्या बहुसंख्य उद्यानांतून अशी यंत्रे वर्ज्य केली, त्यामागे आवाज, प्रदूषण व वन्यजीवांना होणारा उपद्रव हीच कारणे होती. काही पाण्यांसाठी योग्य नियम म्हणजे संपूर्ण मनाई, हे मान्य करण्यात संकोच नसावा. अशा ठिकाणी वल्ह्यांची नौका पर्यटकालाही अधिक काही दाखविते.

गावाने काय करावे?

जलाशय एका विभागाचा, मासेमारी दुसऱ्याच्या अखत्यारीत, वन्यजीव तिसऱ्याकडे आणि अपघात झाला की धाव पोलिसांकडे, अशी स्थिती असल्यास जबाबदारी कोणाचीच राहत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्या पुढाकाराने संबंधित विभाग, ग्रामपंचायत व मच्छीमार संस्था यांनी एकत्र बसून पट्ट्यांचा नकाशा आधी तयार करावा आणि परवानगीचा अर्ज त्यानंतर विचारात घ्यावा, हा क्रम श्रेयस्कर होय.

व्यावसायिकाकडे पाहताना ग्रामपंचायतीने पाच गोष्टी विचाराव्यात: नोंदणी आहे काय, विमा आहे काय, चालक प्रशिक्षित आहे काय, प्रत्येकास मापाचे जीवरक्षक जाकीट आहे काय, आणि बचावासाठी वेगळी नौका काठावर सज्ज आहे काय. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असल्यास ही बाब लेखी स्वरूपात तहसीलदारांच्या निदर्शनास आणावी. शिक्षकांनी सहलीपूर्वी हेच प्रश्न विचारले व विद्यार्थ्यांनाही ते विचारण्यास शिकविले, तर त्याचा उपयोग जन्मभर होईल.

जलक्रीडेतून गावातील तरुणांना चालक, जीवरक्षक व मार्गदर्शक म्हणून काम मिळू शकते, ही जमेची बाजू आहे. ज्यांना या पाण्याचे उथळ-खोल लहानपणापासून ठाऊक आहे, त्या धीवर तरुणांना प्रशिक्षणात अग्रक्रम मिळाला, तर पर्यटकाचा जीव आणि गावाचा रोजगार यांचे रक्षण एकाच वेळी होईल. त्यासाठी पहिले यंत्र पाण्यात उतरण्यापूर्वीच ग्रामसभेत हा विषय घेणे अगत्याचे आहे.