सुट्टीचा दिवस आणि शहरातला वसंत

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंतऋतूवर बोलावे, हे काही श्रोत्यांना विचित्र वाटेल. चालकांनी विषय विचारला तेव्हा बोनस, महागाई, नव्या कामगार संहिता असे काही त्यांच्या मनात असावे. आम्ही मुद्दाम हा विषय घेतला. शाळेत आम्ही फारसे टिकलो नाही. झाडांची नावे आम्हांला कळली ती रात्रपाळीहून परतणाऱ्या वडीलमाणसांकडून, बागेतल्या माळ्यांकडून आणि पुढे वाचनालयातल्या पुस्तकांतून. तेव्हा चुकले तर जाणकारांनी कान धरावा. पण एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगू: मोकळ्या हवेत हिंडणे ही चैन नव्हे. मुंबईतल्या कष्टकरी माणसाला ते भांडून मिळवावे लागलेले आहे.

गिरण्या सुरू झाल्या तेव्हा आठवड्याची सुट्टी नावाची वस्तूच नव्हती. सूर्य उगवण्याच्या सुमारास आत जायचे आणि मावळल्यावर बाहेर यायचे. अशा माणसाला चैत्र काय आणि आषाढ काय! 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली पहिली मागणी वेतनवाढीची नव्हती, रविवारच्या सुट्टीची होती. ती मान्य व्हायला सहा वर्षे लागली; 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने ती कबूल केली व पुढच्या वर्षी कायद्यानेही आठवड्याची सुट्टी दिली. आज आपण रविवारी पोराबाळांना घेऊन चौपाटीवर जातो, तो रविवार हा असा आला.

आता तो दिवस कसा वापरावा, हे पाहू. आमच्याकडचा वसंत थंड मुलखातल्यासारखा नाही. तिकडे बर्फ वितळून पालवी फुटते. इकडे ऊन तापत जाते आणि त्याच उन्हात झाडे फुलतात. याचे नवल वाटते, पण त्यामागे हिशेब आहे. पांगारा, काटेसावर, पळस ही झाडे पाने झाडून मग फुलतात. पानांचा अडसर नसला की लाल-केशरी फुले लांबून दिसतात आणि मैना, बुलबुल, शिंजीर असे पक्षी मधाच्या ओढीने येतात. परागांची ने-आण त्यांच्याकडूनच होते. शिवाय आता फुलले, तर पावसाच्या तोंडावर बी तयार. सावरीची बोंडे एप्रिल-मे महिन्यांत उकलतात. कोरड्या वाऱ्यावर कापूस दूर उडतो व पहिल्या सरींबरोबर बी रुजते. कोरडी हवा असेपर्यंतच हे काम उरकावे लागते. भिजलेला कापूस उडत नाही, हे गिरणगावच्या माणसाला समजावून सांगायला नको.

पिंपळाकडे आवर्जून पाहा. फाल्गुन-चैत्रात त्याची पालवी तांबूस येते, कुसुंबाची तर थेट लाल. कोवळ्या पानात हिरवे द्रव्य अजून भरलेले नसते आणि हा लाल रंग कडक उन्हापासून त्याचा बचाव करतो, असे वनस्पतिशास्त्राचे जाणकार सांगतात. आठवड्याभरात तेच पान पोपटी होते. एकच पिंपळ, बसथांब्याजवळचा का असेना, रोज एक मिनिट पाहावा. पुढे एप्रिल सरता सरता बहाव्याचे पिवळे झुंबर लोंबू लागते व ताम्हण जांभळे होते. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. पण आमच्या शाखेत विचारले तेव्हा चाळीस जणांत एकालाच ओळखता आले, आणि तो कोकणातला होता.

कान उघडे ठेवावेत. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक् टुक् आवाज येतो, तो तांबट पक्ष्याचा. नाव त्या धंद्यावरूनच पडले. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. वाळक्या फांदीत तो चोचीने भोक पाडतो व त्यात संसार थाटतो; झाडावरची प्रत्येक वाळकी फांदी निरुपयोगी समजून छाटू नये ती यासाठी. आणि कुहूकुहू करणारी ‘कोकिळा’ म्हणून कवींनी जिचे कौतुक केले, तो वस्तुतः नर असतो: काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्यांची असते व कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते. दुसऱ्याच्या श्रमावर जगण्याचा हा प्रकार आम्हांला ओळखीचा आहे. पण तो विषय आजचा नाही.

जावे कोठे? भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हे आमच्या मते मुंबईतले सर्वांत मोठे विनाभिंतीचे विद्यालय. लोक पेंग्विन पाहायला रांग लावतात आणि डोक्यावरच्या झाडाकडे मान वर करीत नाहीत. आफ्रिकेतली गोरखचिंच तिथे आहे. चैत्रात ती निष्पर्ण असते व पोटात पाणी साठवून पावसाची वाट पाहते. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. कैलासपतीची फुले फांदीच्या टोकाला न येता खोडालाच लगडतात. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलिफंटा म्हटले, तोच हा. लहानपणी वडील गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी आम्हांला तिथे नेत आणि त्या हत्तीच्या सावलीत आई चपातीभाजी सोडीत असे. 2017 साली उद्यानाचे मोठ्या माणसाचे तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपये झाले. सवलतींचे तपशील होते, हे मान्य. पण हातावर पोट असणाऱ्याच्या सुट्टीचा बेत अशा आकड्यावर मोडतो.

धारावीच्या कडेला मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकीत. त्याच जागेवर झाडे लावली आणि 1994 साली उद्यान लोकांसाठी खुले झाले.

दिवसभराची सवड असेल त्याने बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान गाठावे व कान्हेरीपर्यंत जावे. निघावे मात्र पहाटे. मार्चमध्ये सकाळी जमिनीवरून कोरडा वारा वाहतो, आणि समुद्राकडचा वारा यायला उशीर झाला की दुपारी अंग भाजते. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. भिक्षूंनी खडकात खोदलेली टाकी पाहिली म्हणजे पावसाचे पाणी कसे जपावे, हे कळते. शिलालेखांत दानशूरांची नावे आहेत. त्यांत राजे-व्यापारी आहेतच, पण टाके देणारा कल्याणचा सोनार आहे, वाट देणारा कल्याणचा लोहारही आहे. कारागिराचे नाव दगडावर कोरलेले आम्ही प्रथम तिथे पाहिले व बराच वेळ उभे राहिलो.

आता थोडे कडू. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणीसंप सुरू झाला. तो फिस्कटला आणि हळूहळू गिरण्या बंद पडल्या. त्यांची सुमारे 600 एकर जमीन शहराच्या मध्यावर होती. 1991 च्या नियमानुसार विकासाला काढलेल्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 2001 साली नियम बदलला: बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच वाटणी! गिरणीत शेड नसलेली जमीन असते ती किती? 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. आमचे वडील ज्या खात्यात उभे राहिले, तिथे मैदान होऊ शकले असते. आज तिथे गाड्या ठेवण्याचे तीन मजले आहेत. आमच्या संघटनेतले काही सभासद त्याच इमारतींत पहारा करतात, बारा-बारा तास, आणि आठवड्याची सुट्टी मागितली की उद्यापासून येऊ नको, असे त्यांना ऐकावे लागते.

अशा आठ-दहा जणांना यंदा सुट्टी मिळवून दिली. दर चैत्रात आम्ही एका रविवारी कान्हेरीला जातो, त्या फेरीत तेही येणार आहेत. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला सकाळी साडेसहाला जमतो. श्रोत्यांपैकी कोणी येणार असतील तर भाकरी व पाणी बरोबर घ्यावे आणि डबा माकडांपासून सांभाळावा.