कोट्यवधी पानांतून लोणखेड्याची मिरची कशी सापडते?

आठवड्याच्या बाजाराला तुम्ही गेलाच असाल. बाजाराच्या तोंडाशी बसलेल्या माळणीची टोपली दुपारपर्यंत रिकामी होते. अगदी आतल्या टोकाला बसलेली मात्र दिवेलागणीला भाव पाडून भाजी विकते. माल दोघींचाही सारखाच ताजा! फरक एवढाच, की एक गिऱ्हाइकाच्या नजरेस आधी पडली, दुसरी पडली नाही.

आता असा एक बाजार डोळ्यांपुढे आणा, की ज्यात दुकाने कोट्यवधी आहेत आणि गिऱ्हाईक मात्र पहिली आठ-दहा दुकाने पाहून बहुधा परत फिरते. संगणकांच्या महाजालावरचा बाजार हा असाच आहे. तिथली मोक्याची जागा कोण वाटते आणि कोणत्या नियमाने? आज हेच पाहू या.

समजा, तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातील लोणखेडा या गावी राहता. शहाद्याला लागूनच हे गाव. नंदुरबारची पेठ मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात तिथल्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळत पडलेली दिसते. तुमच्या घरीही मिरची वाळवून विकतात, असे धरू. मोठ्या ताईने त्यासाठी महाजालावर एक पान तयार केले, त्यावर मिरचीचे सुरेख छायाचित्र लावले आणि खाली लिहिले, ‘आमचे उत्पादन’. महिना झाला, पण एकही मागणी आली नाही! असे का व्हावे?

आपण शब्द टाइप केला की शोधयंत्र त्या क्षणी सारे जग धुंडाळते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. जाड ग्रंथाच्या शेवटी सूची असते ना? शब्द आणि त्यापुढे पृष्ठांचे आकडे. शोधयंत्र अशीच एक प्रचंड सूची आधीच करून ठेवते. त्याचे कार्यक्रम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात अहोरात्र वाचन करीत असतात. आपण प्रश्न विचारला की फक्त सूची चाळली जाते. म्हणूनच उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळते. गिऱ्हाइकाने शोधले ‘नंदुरबारची सुकी मिरची’. ताईच्या पानावर यांतला एकही शब्द नव्हता. मग सूचीत ते पान सापडावे कसे?

मराठीत आणखी एक गंमत आहे. आपण ‘लोणखेडा’ म्हणतो, पण ‘लोणखेड्याची’, ‘लोणखेड्यात’ असेही म्हणतो. ‘मिरची’च्या ‘मिरच्या’ होतात, ‘मिरच्यांचा’ही होतो. व्याकरणात तुम्ही शिकलेले सामान्यरूप ते हेच! केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला हे सारे निरनिराळे शब्द वाटतात. ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्राला शिकवावे लागते. आजची मोठी शोधयंत्रे ते बरेच शिकली आहेत. तरीही गिऱ्हाईक ज्या शब्दांनी विचारते, तेच शब्द पानावर सरळपणे लिहिलेले असणे केव्हाही चांगले.

शब्द तर हजारो पानांवर जुळतात. मग पहिले कोण? १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी गूगल ही कंपनी स्थापन केली. त्यांची कल्पना साधी होती. गावात चार जाणती माणसे एकाच वैद्याचे नाव सांगू लागली, तर आपण त्याच्याकडे जातो. तसेच, ज्या पानाकडे इतर पाने दुव्याने बोट दाखवतात ते महत्त्वाचे. आणि बोट दाखवणारे पान स्वतः महत्त्वाचे असेल तर त्याचे वजन अधिक. आज आणखी अनेक गोष्टी पाहिल्या जातात. पण ही जागा पैशाने मिळत नाही, कमवावी लागते.

दुसरी जागा मात्र विकत मिळते. ती जाहिरातीची. तिचा लिलाव होतो, आणि तोही प्रत्येक शोधाच्या वेळी, क्षणार्धात! कोणी जाहिरातीवर बोट टेकवून आत आले, तरच सहसा पैसे पडतात. १९९८ मध्ये ‘गोटू’ या शोधयंत्राने असा लिलाव सुरू केला, तेव्हा ज्याची बोली मोठी तो वर असे. २००२ मध्ये गूगलने जाहिरातीचा उपयुक्तपणाही त्यात धरला. हिशेब सोपा करून पाहू. एका व्यापाऱ्याची बोली १० रुपये, पण उपयुक्ततेचे गुण ४, गुणाकार ४०. ताईची बोली ६ रुपये, गुण ८, गुणाकार ४८. ताई वर! शिवाय तिला ६ रुपयेही द्यावे लागत नाहीत. ४० ला ८ ने भागले की ५ येतात. त्याहून किंचित अधिक दिले की पुरे. आजचे हिशेब याहून गुंतागुंतीचे आहेत, पण तत्त्व हेच.

पण थांबा! ताईने नुसत्या ‘मिरची’ या शब्दावर बोली लावली, तर हिरवी मिरची, मिरचीची लागवड, मिरचीचे लोणचे असे काहीही शोधणारे आत येतील. समजा १०० जण आले. प्रत्येकी ५ रुपये, म्हणजे ५०० रुपये खर्च. किलोभर मिरची घेतली चौघांनीच. एका गिऱ्हाइकामागे १२५ रुपये गेले आणि किलोमागे नफा ५० रुपये! दुकान गजबजलेले, पण घर मात्र बुडाले. उलट ‘नंदुरबारची सुकी लाल मिरची’ या शब्दांवर २० जणच आले, ३ रुपयांप्रमाणे ६० रुपये गेले, आणि त्यांतूनही चौघांनी घेतली, तर गिऱ्हाइकामागे खर्च १५ रुपयेच. हे आकडे कल्पित आहेत. त्यांमागचे गणित मात्र खरे आहे. गर्दीपेक्षा नेमके गिऱ्हाईक मोलाचे.

आता एक प्रयोग करा. विज्ञानाच्या पुस्तकातील एक धडा घेऊन त्यातील वीस शब्दांची सूची बनवा आणि ते शब्द कोणकोणत्या रूपांत येतात ते टिपा. शोधयंत्राचे निम्मे काम तुमच्या ध्यानात येईल. आणि घरी कोणी महाजालावर काही शोधत असेल, तेव्हा वरच्या उत्तराजवळ ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ असा बारीक शब्द आहे का, ते पाहा. असेल, तर ती जागा विकत घेतलेली आहे. विकत घेतलेली जागा म्हणजे माल वाईट असे नव्हे. पण वर आहे म्हणून उत्तम, असेही नव्हे. टोपलीतली भाजी उलटून पाहण्याची आजीची सवय या नव्या बाजारातही सोडू नका!